आळणी जंगल, सोन्याची नदी

‘ॲमेझॉनला जाऊन आले’ असं सांगितलं की आमच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘काय ऑर्डर केलंस?’’ दुसरा प्रश्न ॲनाकोंडाचा. १९९७ च्या त्या सिनेमाने आपल्या अख्ख्या पिढीचं ॲमेझॉनविषयीचं जनरल नॉलेज एकदाच काय ते सेट करून टाकलंय. नदी, बोट, बोटीत जेनिफर लोपेझ आणि पाण्याखालून येणारं संकट! तिसरा प्रश्न मावशीचा. ‘‘अगं, वाघ दिसला का?’’

दक्षिण अमेरिकेत वाघ नसतो, जग्वार असतो, आणि तोही मला दिसला नाही. नदीकाठच्या चिखलात उमटलेला त्याचा पंजा तेवढा दिसला. ॲनाकोंडाही दिसला नाही. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. ‘मग एवढ्या लांब कडमडायला गेली कशाला होतीस?’ हे त्यावर स्पष्ट वाचता येतं. तर मंडळी, मी माती खाणारे पोपट बघायला गेले होते. फुल्ल टू सीरियसली सांगतेय. आणि येताना डोक्यात पोपटांच्या बरोबरीने सोनं घेऊन आले. डोक्यातच हं! फ्रीलान्सर माणसाच्या बॅगेत सोनं कुठलं, चेक अडकलेले असतात.

ॲमेझॉन म्हणजे ब्राझील, हे समीकरण आपल्याकडे फिट्ट बसलंय. जंगलाचा साठेक टक्के भाग तिथेच आहे, त्यामुळे ते फारसं चुकीचंही नाही. पण दोन नंबरवर पेरू आहे. पेरू म्हणजे माचू पिचू, हे दुसरं समीकरण. माचू पिचूसाठी सगळं जग कुस्कोला जातं. कुस्को ३४०० मीटरवर, तिथे जिना चढताना धाप लागते. त्याच कुस्कोहून एक छोटं विमान उडतं, अँडीजच्या बर्फाळ शिखरांवरून जातं आणि पाऊण तासात पुएर्तो माल्दोनादो नावाच्या गावात उतरतं. उंची दोनशे मीटरसुद्धा नाही. विमानाचं दार उघडलं की मे महिन्यातल्या दादर स्टेशनसारखी हवा अंगावर येते. पाऊण तासात बर्फ ते घाम!

मी गेले २०२३ च्या ऑगस्टअखेर. एअरपोर्टबाहेर पहिली गोष्ट दिसली ती रिक्षा, आणि तिच्यावर नाव बजाजचं. आपल्या पुण्याची बजाज! पेरूत तिला ‘तोरितो’ म्हणतात, म्हणजे छोटा बैल. पंधरा हजार किलोमीटर लांब येऊन पुन्हा रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करताना काय आपलेपणा वाटतो म्हणून सांगू...

हे गाव १९०२ मध्ये वसलं, रबराच्या धंद्यासाठी. मग रबर बसलं, लाकूड आलं, ब्राझील नट आले, सोनं आलं. तांबोपाता आणि माद्रे दे दिओस या दोन नद्यांच्या संगमावर ते उभं आहे. माद्रे दे दिओस म्हणजे देवाची आई. अख्ख्या प्रांताचं नावही तेच. आणि जंगलात जाणारी बोट जिथून सुटते त्या गावाचं नाव इन्फिएर्नो, म्हणजे चक्क नरक. मी आईला मेसेज टाकला, ‘उद्यापासून नेटवर्क नाही, नरकात जातेय.’ तिचं उत्तर आलं, ‘स्वेटर ने.’

इन्फिएर्नो हे एसे एहा या आदिवासींचं गाव. अँडीजमधून खाली उतरलेली आणि नदीकाठची जुनी कुटुंबंही त्यात राहतात. तांबोपाता नदीचं एसे एहा भाषेतलं नाव बाहुआहा. पलीकडच्या हीथ नदीचं नाव सोनेने. १९९६ मध्ये इथे नॅशनल पार्क झालं, तेव्हा त्याला ही दोन नावं जोडून मिळाली, बाहुआहा-सोनेने. त्याला लागून २००० मध्ये तांबोपाता राष्ट्रीय अभयारण्य झालं, २ लाख ७४ हजार हेक्टरचं. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कासारखी पंचवीस त्यात आरामात मावतील.

बोट म्हणजे लांबलचक अरुंद होडी, वर छप्पर, मागे मोटर. दुपारचं जेवण बोटीतच. केळीच्या पानासारख्या दिसणाऱ्या बिहाओच्या पानात बांधलेला गरम भात! भाताला पानाचा हिरवट वास लागलेला. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाऊन मोठं झालेल्या माणसाला तो वास कळायला गाइड लागत नाही. नदी चहाच्या रंगाची, दूध जरा जास्त झालेल्या चहाच्या. काठावर कॅपिबारा बसलेले. उंदराच्या जातीतला जगातला सगळ्यात मोठा प्राणी, पण चेहऱ्यावर रिटायर्ड हेडमास्तरांची शांती. ला तोर्रे नावाच्या चौकीवर उतरून पासपोर्ट दाखवायचा, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, की पुढे सोडतात. आमचा गाइड पस्तिशीचा, इन्फिएर्नोचाच. आधी सगळं बोलणं ‘सेन्योरिता’ने सुरू व्हायचं, दुसऱ्या दिवसापासून मी नुसती ‘इंदिया’ झाले.

लॉज नदीपासून थोडं आत. खोलीला भिंती तीन. चौथी बाजू उघडी, समोर जंगल. पैसे मात्र चार भिंतींचे! मच्छरदाणीत शिरायचं आणि ऐकत पडायचं. पहाटे चारच्या सुमाराला घरघर सुरू झाली, बोगद्यात वारा शिरावा तशी. मला वाटलं वादळ आलं. ती माकडं होती. हाउलर मंकी! झाडावर बसून आपापली हद्द जाहीर करत होती, आणि हा आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू जातो. हे रोज पहाटे. स्नूझचं बटण नाही.

आता सायटिंगचं बोलू. ताडोब्यात कसं, जिप्सीत बसायचं, वायरलेसवर खबर येते, धुरळा उडवत पंधरा गाड्या एका वाघापाशी. इथे ते होत नाही. रेनफॉरेस्ट म्हणजे हिरवी भिंत. प्राणी भरपूर, पण प्रत्येक जण चाळीस मीटर वर नाहीतर पानाआड. पहिले दोन तास मला फक्त मुंग्या दिसल्या. पानांचे तुकडे डोक्यावर धरून चाललेल्या मुंग्यांची रांग, विठ्ठलाच्या वारीसारखी न संपणारी. त्या पानं खात नाहीत. बिळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. गाइडने मला त्या रांगेपाशी वीस मिनिटं बसवून ठेवलं. सुरुवातीला वैताग आला, नंतर उठवेना.

दुसरी मजा तळ्यावर. नदीने वळण सोडलं की मागे घोड्याच्या नालेसारखं तळं उरतं, त्याला इथे कोचा म्हणतात. अशाच एका कोचात पाणमांजरांचं कुटुंब राहत होतं. आपल्याकडच्या गोंडस पाणमांजरांवर जाऊ नका. ही राक्षसी, नाकापासून शेपटीपर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत, आणि स्थानिक नाव ‘नदीतला लांडगा’. प्रत्येकाच्या गळ्यावर पांढुरक्या डागांची नक्षी असते, ती दुसऱ्या कुणाशीही जुळत नाही, त्यामुळे अभ्यासक त्यांना गळ्यावरून ओळखतात. मासा दोन हातांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात करतात, आणि आवाज थेट काकडी खाल्ल्यासारखा. कातड्यापायी विसाव्या शतकात यांना इतकं मारलं की जवळजवळ संपलेच होते. १९७० च्या दशकात व्यापारावर बंदी आली म्हणून आज ते आम्हाला बघून फुरफुरत होते. काठावरच्या झुडपांत होआत्झिन नावाचे पक्षी. हा पक्षी गाईसारखा पानं आंबवून पचवतो, म्हणून त्याच्या अंगाला शेणाचा वास येतो. पिसारा मात्र फॅशन वीकचा.

आणि मग थंडी पडली! ॲमेझॉनमध्ये! याला फ्रियाहे म्हणतात. खंडाच्या पार दक्षिण टोकाकडून गार हवा सुटते, मधे अडवायला काही नसतं, ती थेट या जंगलात घुसते. आदल्या दिवशी घामाच्या धारा, आणि रातोरात तापमान निम्म्यावर. कुस्कोचा स्वेटर बॅगेतून वर आला. आईला हे कुठून कळतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गार वारा आणि भुरभुर पाऊस असला की पोपट मातीच्या कड्यावर येत नाहीत. दोन दिवस आम्ही लॉजच्या ओट्यावर पत्ते खेळलो. एका जर्मन काकांनी बुकिंगच्या वेळी ‘मकाव गॅरंटीड’ असं म्हटलं होतं का, यावर गाइडशी वाद घातला. गाइड शांत. ‘‘पोपटांना मेल पाठवलाय,’’ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून, अंधारात बोटीने चुंचोला गेलो. नदीच्या वळणावर पाण्याने कापलेला तांबूस मातीचा उंच कडा, त्याला कोल्पा म्हणतात. समोरच्या काठावर घडीची स्टुलं मांडायची आणि बोलायचं नाही. सव्वापाच. धुकं. आधी छोटे हिरवे पोपट आले, शेकड्यांनी, कल्ला करत, वीसेक मिनिटं कड्याला लटकले आणि निघून गेले. मग बराच वेळ काही नाही. जर्मन काकांनी घड्याळात बघितलं. मग मकाव यायला लागले. जोडीजोडीने. मकाव सहसा जोडीनेच उडतो, पंखाला पंख लावून, आणि तिघे दिसले तर तिसरं त्यांचं पोर असतं. निळे-पिवळे, लाल-हिरवे, आणि लालभडक शेंदरी. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट. आले आणि खाली न उतरता कड्यावरच्या झाडांत बसून राहिले. एक तास. नुसती भांडणं, मिठ्या, उलटं लटकणं. आपल्याकडे मंगल कार्यालयात पहिली पंगत बसायच्या आधी असतं ना, सगळ्यांना भूक लागलेली पण आधी कोण बसणार, अगदी तस्सं!

यामागे भीती असते. उघड्या कड्यावर बसलेला पोपट म्हणजे गरुडासाठी ताट वाढलेलं. म्हणून कुणीतरी एक शूर आधी उतरतो, माती कोरतो, त्याला काही होत नाही असं बघून दुसरा, मग दहा, मग कडा दिसेनासाच होतो. साधारण आठ वाजता माझ्यासमोर लाल, निळा, पिवळा, हिरवा अशी एक सरकती भिंत होती. आवाज एवढा, की शेजारची बाई रडतेय हे मला तिच्याकडे बघितल्यावर कळलं. फोटो मी तीन काढले, तिन्ही हललेले. मग कुठेतरी एक सावली सरकली आणि अख्खा कडा एकदम हवेत उठला. पाच सेकंदांत तांबूस माती आणि शांतता. खेळ खल्लास!

पण हे माती का खातात? पूर्वी शास्त्रज्ञ म्हणायचे, विषावर उतारा म्हणून. कच्च्या बियांमध्ये विषारी द्रव्यं असतात, चिकणमाती ती पोटात धरून ठेवते. यात तथ्य आहे, तसे प्रयोगही झालेत. मात्र याच नदीवर १९८९ पासून मकावचा अभ्यास चाललाय, आणि गेली बरीच वर्षं तो डोनाल्ड ब्राइटस्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे आहे. त्यांच्या टीमने कड्याच्या वेगवेगळ्या थरांची माती तपासली. पोपट ज्या थराला चिकटतात त्यात एक गोष्ट जास्त सापडते. मीठ! म्हणजे सोडियम. आणि कड्यावरची गर्दी अंडी-पिल्लांच्या मोसमात सगळ्यात जास्त असते, कारण पिल्लांनाही मीठ लागतं.

मीठच का? इथे नकाशा डोळ्यांसमोर आणा. या जंगलावरचा पाऊस अटलांटिक महासागरावरून निघतो. समुद्रावरचे ढग थोडं मीठ घेऊन येतात, पण वाटेत अख्खं ब्राझील आहे. हजारो किलोमीटर बरसत बरसत ते इथे पोचतात, तोवर मीठ मागेच सांडून गेलेलं असतं. पश्चिमेला पॅसिफिक जवळ आहे, पण मधे अँडीजची भिंत. थोडक्यात, जगातलं सगळ्यात श्रीमंत जंगल आळणी आहे. इथे मिठासाठी कोण काय करतं बघा. नदीकाठच्या ओंडक्यावर कासव ऊन खात बसतं आणि त्याच्या डोळ्यांवर फुलपाखरं गोळा होतात. अश्रू प्यायला! हे मी डोळ्यांनी पाहिलं. कासव मान झटकतं, फुलपाखरं उठतात, परत बसतात. तुम्ही घामाघूम होऊन बसलात की छोट्या मधमाश्या मानेवर येतात. चावत नाहीत, चाटतात. आपल्या कोकणात समुद्राच्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात म्हणून आपण कटकट करतो. इथल्या जीवांसाठी तो वारा म्हणजे मेजवानी झाली असती.

मकावच्या घरातली गोष्ट मात्र कठोर आहे. मादी दोन ते चार अंडी घालते, पण उडण्याएवढं बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं, फार तर दोन. आई-बाप धाकट्यांना भरवतच नाहीत. घरटं लागतं ढोलीत, आणि तेवढी मोठी ढोली शिहुआहुआकोसारख्या कित्येक शतकं जुन्या झाडाला असते. लाकूड लोखंडासारखं कठीण, म्हणून ते झाड तोडून त्याच्या फरशा करतात. एखाद्या चकाचक लिव्हिंग रूमच्या लाकडी फ्लोअरिंगमध्ये पोपटाचं घर असू शकतं. १९९० च्या दशकात संशोधकांनी उपाशी मरणारी धाकटी पिल्लं हाताने वाढवून सोडली. ती जगली, पण माणसांना न घाबरणारी निघाली, आणि वर्षानुवर्षं लॉजवर येऊन पाहुण्यांचा ब्रेकफास्ट पळवत राहिली. आता पद्धत बदललीय. ज्या जोडीकडे एकच पिल्लू आहे, तिच्या ढोलीत दुसरीकडचं धाकटं पिल्लू नेऊन ठेवतात, आणि ती जोडी त्याला दत्तक घेते.

त्या रात्री जनरेटर बंद झाल्यावर ओट्यावर कंदिलाशेजारी बसलो होतो. गाइडने माझ्या गळ्यातल्या चेनकडे बोट केलं. ‘‘ओरो?’’ सोनं? हो म्हटलं. ‘‘किती ग्रॅम?’’ मला आठवत नव्हतं. मग मी त्याला आपल्याकडची लग्नं सांगितली. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, बाजूबंद... दसऱ्याला आणि पाडव्याला सोनं घ्यायचं, जमेल तेवढं, एक ग्रॅम का होईना. माझी आई दर पाडव्याला माझ्या नावाची वेढणी घेऊन ठेवते, हेही सांगितलं. तो ऐकत होता. मग हसला. ‘‘इंदिया, म्हणजे तुम्हीच ते गिऱ्हाईक!’’

इथलं सोनं खाणीतल्या बोगद्यात नसतं. अँडीजच्या डोंगरांतून नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेली ही धूळ असते, वाळूत आणि मातीत मिसळलेली. ती काढायची तर आधी झाडं तोडा, मग पंपाने मातीचा गाळ करून तो उतरत्या फळीवरच्या गालिचावरून वाहू द्या, खाली बसलेल्या रेतीत पारा घाला. पारा सोन्याला धरतो. तो गोळा जाळला की पारा उडून जातो, सोनं उरतं. उडालेला पारा आणि सांडलेला पारा शेवटी नदीत. नदीतून किड्यांत, किड्यांतून माशांत, छोट्या माशांतून मोठ्या माशांत, आणि मोठा मासा माणसाच्या ताटात. किंवा त्या पाणमांजराच्या हातात. २०१६ मध्ये पेरू सरकारने याच पाऱ्यापायी माद्रे दे दिओसमध्ये आणीबाणी जाहीर केली होती.

२००८ च्या मंदीनंतर सोन्याचा भाव चढला. नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्राझीलला जोडणारा आंतरमहासागरी हायवे पूर्ण झाला. त्या रस्त्याच्या कडेला, तांबोपाता अभयारण्याच्या अगदी शेजारी, ला पांपा नावाची झोपडपट्टीवजा सोन्याची नगरी उभी राहिली. दारू, बंदुका, पळवून आणलेल्या पोरी, सगळं त्यात आलं. २०१८ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस पुएर्तो माल्दोनादोला येऊन या हव्यासाविषयी जाहीरपणे बोलले. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने दीड हजाराच्या आसपास पोलीस आणि सैनिक घुसवून ला पांपा रिकामं केलं. त्या मोहिमेचं नाव होतं मर्क्युरी, म्हणजे पाराच. खड्डे तिथून हलले, थांबले नाहीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये अंतराळ स्थानकावरून काढलेला एक फोटो गाजला. या जंगलातून सोनेरी नद्या वाहताना दिसतात. सुंदरच दिसतो तो. चमकतंय ते पाण्याने भरलेल्या खड्ड्यांवर पडलेलं ऊन आहे.

गाइडला मी विचारलं, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का तिकडे? ‘‘मी होतो,’’ तो म्हणाला. ‘‘चार महिने.’’ २०२० मध्ये कोविड आला, मार्चमध्ये पेरू बंद झालं, लॉजेस बंद, विमानं बंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोन्याने जगभर तोपर्यंतचा रेकॉर्ड केला. घरी दोन लहान मुलं. ब्राझील नट गोळा करायचा हंगाम पावसाळ्यातला, तो सरलेला. ‘‘तिकडे पक्षी असतात का?’’ मी विचारलं. खरं तर वेडपट प्रश्न. पण त्याने सरळ उत्तर दिलं. ‘‘असतील. ऐकू येत नाहीत. पंप दिवसरात्र चालू असतो.’’ पहिलं विमान आलं तसा तो परतला. सगळे परतले नाहीत.

आणि म्हणून इन्फिएर्नोची दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. १९९६ मध्ये या गावाने एका पेरुवियन पर्यटन कंपनीशी करार केला. गावाच्या जमिनीवर, गावाच्या लोकांनी बांधलेलं लॉज, नफ्यातला ६० टक्के वाटा गावाचा, ४० कंपनीचा. १९९८ मध्ये ते सुरू झालं. गावातलीच पोरं आधी बोट चालवायला, मग स्वयंपाकघरात, मग गाइड म्हणून उभी राहिली. मी राहिले ते लॉज वेगळं, पण माझा गाइड त्या पहिल्या बॅचेसमधल्या लोकांना बघत मोठा झालेला. आदिवासी पर्यटन म्हणजे पिसं लावून नाचवणं, असं जे आपल्याकडे बऱ्याचदा चालतं, त्याच्यापुढे हा हिशेब मला जाम आवडला. जंगल उभं असतानाच पैसे देतं, अशा दोनच गोष्टी इथे ठोस आहेत, ब्राझील नट आणि आपण, म्हणजे पाहुणे. तिथवर जायला तीन-तीन विमानं बदलून जो धूर करतो, तो विसरावा असं मी म्हणणार नाही. पण एका कड्यावर पंप लावायचा की स्टुलं मांडायची, हे तिथे दर वर्षी नव्याने ठरतं, आणि भाव चढला की पंपाच्या बाजूने ठरायला लागतं.

मुंबईत परतल्यावर आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेले. पेरूचं सोनं विकत घेणाऱ्या देशांत भारत वरच्या नंबरात असतो, हे मी वाचलं होतं. ‘‘काका, ही चेन कुठल्या नदीतली?’’ त्यांनी भिंगातून बघितलं, माझ्या समाधानासाठी. ‘‘बाळ, हॉलमार्क शुद्धता सांगतो. गाव नाही सांगत.’’ २०२३ पासून प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा कोड सक्तीचा झालाय. त्यावरून सोनार कळतो, तपासणी केंद्र कळतं, कॅरट कळतात. खाण नाही कळत. सोनं एकदा वितळलं की सगळ्या नद्या एक. ‘‘मोडीचं घ्या मग,’’ काका म्हणाले, ‘‘आजीच्या पाटल्या आहेत ना घरात? आटवून नवं करून देतो.’’ मला आयडिया पटली. आईला नाही. आजीच्या पाटल्यांना हात लावायचा नाही, आणि पाडव्याला नवं काहीतरी आलंच पाहिजे, या दोन्ही गोष्टींवर ती ठाम आहे. ‘‘मग काय घेऊ, चांदी?’’ चांदीच्या उत्पादनातही पेरू जगात पहिल्या तिघांत आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

जाणार असाल तर थोडं कामाचं. मोसम मे ते ऑक्टोबर कोरडा, पण मकावसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर बेस्ट, आणि कड्यासाठी किमान दोन सकाळी हाताशी ठेवा. फ्रियाहे कुणाला विचारून येत नाही. अमेरिका किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, अशी सोय २०१७ पासून आहे, तरी निघण्यापूर्वी दूतावासाच्या ताज्या अटी बघाच. यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी, तीही फक्त सरकारमान्य केंद्रावर. सर्टिफिकेट जपून ठेवा, कारण ते नसेल तर परतताना आपल्याच एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइनमध्ये नेतात, सहा दिवसांपर्यंत. लॉज निवडताना एवढंच विचारा, जमीन कुणाची आणि गाइड कुठला. गमबूट लॉजवर मिळतात. स्वेटर न्या. व्हेज खाणाऱ्यांनी लोणचं न्यावं, भात आणि केळी भरपूर मिळतात, पण चौथ्या दिवशी जीभ रुसते. बाटलीचं झाकण तेवढं घट्ट लावा. माझी ब्रेकफास्टच्या टेबलावर दहा मिनिटं उघडी राहिली, तेवढ्यात तिच्या काठावर सात-आठ मधमाश्या आणि एक पिवळं फुलपाखरू येऊन बसलं होतं.